देणारा नाटकात नव्हता

"हिला मेकअपची गरजच नाही," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले.

तालुक्याच्या पंचायत समितीचा हॉल. निवडणूक तोंडावर आलेली. मतदार जागृतीसाठी गावोगाव पथनाट्य करायचं होतं, म्हणून आम्हा अंगणवाडीच्या बायांना रांगेत उभं केलं होतं. एकच पात्र उरलं होतं, साडी घेऊन मत विकणारी बाई. सेविका बायांनी नाकं मुरडली. मग गटविकास अधिकारी साहेबांची नजर रांगेच्या शेवटी आली. तिथं मी. मदतनीस. काळी, हाडं निघालेली, बौद्धपुऱ्यातली. आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी माझं नाव लिहूनही टाकलं. मला कोणी विचारलं नाही.

मी दहावी पास आहे. मतदाराची शपथ वाचायचं काम मी झ्याक केलं असतं. पण तोंड उघडलं नाही. मदतनिसाला काढायला कारण लागत नाही, हे मला माहीत होतं.

नाटक एवढंसं होतं. मी साडी घेऊन नाचत यायचं. जिल्हा परिषद शाळेतले एक तरुण गुरुजी सुजाण नागरिक होते, त्यांनी मला अडवायचं. "लाज नाही वाटत? एका साडीसाठी पाच वर्षं विकली!" मी कान पकडायचे. "चुकलं जी, आता नाही विकनार." लोक टाळ्या वाजवायचे. मग सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची, की झालं.

खारपाणपट्ट्यातली, खाऱ्या पाण्याची नऊ गावं केली. नऊ वेळा कान पकडले. आमच्या गावात अजून नाटक व्हायचं होतं, तरी पोरं मला साडीवाली म्हणायला लागली. माझी पोरगी दहावीत. ती एक दिवस शाळेतून आली, दप्तर फेकलं.

"आई, हे काम तुलेच कावून देल्लं?"

"नाटक हाये ते. खोटं असते."

"मंग गुरुजीचं काम तुले कावून नाही देल्लं?"

मी चूल पेटवायला बसले.

साहित्याची थैली माझ्याच खांद्यावर असायची. त्यात भित्तिपत्रकं आणि मतदारांसाठीची पुस्तिका. भित्तिपत्रकावरची मत विकणारी बाई काळी होती, पदर फाटका. तिला समजावणारा माणूस गोरा, चष्मेवाला. एकदा एसटीची वाट पाहत बसले होते, तेव्हा पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. मतासाठी लाच देणारा आणि घेणारा, दोघेही शिक्षेला पात्र आहेत. मी ती ओळ परत वाचली. देणारा आधी लिहिला होता.

मग आमच्या नाटकात तो कुठं गेला? चित्रात कुठं गेला? गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "अहो बाई, दहा मिनिटांचं नाटक. किती पात्रं घुसवायची?"

आता खरं सांगते. साडी मी खरोखरच घेतली होती. मागच्या निवडणुकीत. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, वेचणीला कोणी बोलावलं नाही. नवरा अकोल्याकडे वीटभट्टीवर गेला होता. माझ्याकडे नेसायला दोन लुगडी, दोन्ही विरलेली. भाऊसाहेबांचा माणूस गठ्ठा घेऊन बौद्धपुऱ्यात आला. सगळ्यांनी घेतली, मीही घेतली. नाचत नाही घेतली. मान खाली घालून घेतली. त्याची लाज मला आजही आहे, ती कोणी शिकवायला नको.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावचं सगळं काही. पोरगी शिकते ती शाळा त्यांच्या संस्थेची. अंगणवाडी भरते ती खोली त्यांची. राशनचं दुकान त्यांच्या मेव्हण्याचं. गावात पाय टाकायचा तर त्यांच्याच जागेवर पडतो.

शेवटचा प्रयोग आमच्या गावात. शाळेच्या पटांगणात भाऊसाहेब पहिल्या खुर्चीत. मतदार जागृतीचे प्रमुख पाहुणे तेच. शाल झाली, नारळ झाला. आणि ऐन वेळी कळलं की नाटकातली साडी आदल्या गावातच राहिली. गुरुजींनी शिपायाला पिटाळलं, "भाऊसाहेबांच्या घरून एखादी घेऊन ये." शिपाई धावत गेला आणि साडी घेऊन आला. कोरी, पिशवीतली. जांभळी, हिरव्या काठाची.

मी ती उलगडली आणि माझे हात थांबले. मागच्या गठ्ठ्यातलीच उरलेली होती. समोर चटईवर बसलेल्या बायांमध्ये चौघी तीच साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडात धरले.

"लाज नाही वाटत?" गुरुजी ओरडले. "एका साडीसाठी पाच वर्षं विकली!"

मी कान पकडायचे होते. पकडले नाहीत.

"गुरुजी, घेनारीले कान पकडाले लावता. देनाऱ्याले कावून नाही लावत? पुस्तकात दोघंही लिवले हायेत."

भाऊसाहेब जागचे हलले नाहीत. गुरुजी कसंनुसं हसले आणि त्यांनी घाईघाईनं शपथ सुरू केली. सगळ्यांनी हात पुढे केले. कोणत्याही आमिषाला बळी न पडता. भाऊसाहेबांचाही हात पुढे होता.

जाताना ते मॅडमना एवढंच म्हणाले, "बाईची तब्येत बरी नाही दिसत. आराम द्या तिले."

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. शासकीय कार्यक्रमात गैरवर्तन. दोन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कमी करू. आमच्या सेविका ताई सांगायला आल्या. "चुकलं म्हून लिवून टाक व माय. दोन ओळीचं काम. आन् भाऊसाहेबानं सांगतलं हाये, साडी तुह्या घरी बी हाये. घेनारा बी गुन्हेगार असते, पुस्तकात पाय म्हने."

तेव्हा मला सगळं समजलं. देणाऱ्याचं नाव घ्यायचं तर आधी मी घेतली हे सांगावं लागतं. म्हणून अख्खा बौद्धपुरा गप्प. म्हणून त्या चौघी पदर चावत बसल्या. त्यानं साडी वाटली नव्हती, आमची तोंडं शिवली होती.

सकाळी पोरीनंच वहीतला कागद फाडून दिला. म्हणाली, "सायबाले समजन असं लिव."

मी लिहिलं. मी, पूर्ण नाव, मागच्या निवडणुकीत मतासाठी एक साडी घेतली. जांभळी, हिरव्या काठाची. सोबत जोडली आहे. मला शिक्षा करावी. देणारा, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्यालाही करावी. माफीचा शब्द लिहिला नाही.

पंचायत समितीत कागद आणि साडी टेबलावर ठेवली. टपाल घेणाऱ्या आवकच्या बाबूनं वाचलं, घाम पुसला, दार लोटून घेतलं.

"बाई, वापस ने हे. पहिले तूच अडकशील."

"मी त अडकेलच हाओ साहेब. पोच द्या."

त्यानं पोच दिली नाही. साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. मी त्याच्या टेबलासमोर खाली बसले. चपराशी उठवायला आला, तरी उठले नाही. नोकरी गेली तर जाईल. पोरीचं नाव शाळेतून काढलं तर तिला दुसऱ्या गावच्या शाळेत पायी नेईन. खटला झाला तर मी उभी राहीन. पण एकटी उभी राहणार नाही. त्याला शेजारी उभा करीन.