डाव्या भुवईवरची हळद

आधीच सांगतो, मी फिजिक्स शिकवतो आणि तिरसट म्हणून लातूरभर बदनाम आहे. क्लासच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली तर मी कात्रीनं कापून टाकायचो. त्यामुळे खालचं वाचून कोणी विचारलं, "सर, तुम्हीसुद्धा?" तर... हो, मीसुद्धा.

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात आई गेली तेव्हा मी सातवीत, शाळेसाठी नांदेडला मामाकडे होतो. घराबरोबर आईचे दोन-चार फोटोही मातीत गेले. पुढं लातुरात क्लास काढला, तो चालला, त्याच्याच वरच्या मजल्यावर घर बांधलं. कॅमेऱ्याचा मोबाईल अजून माझ्या हातात आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट.

अण्णांना — माझ्या वडिलांना — कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले, शनिवारी घरी न्या म्हणाले. दवाखान्यात अण्णांनी माझा हात धरला. "तिचं तोंडच डोळ्यापुढं येईना झालंय रे. वर गेल्यावर वळखू कसं?"

मी दवाखान्यातून निघालो तो थेट पेंटर शोधायला.

नांदेडचे हणमंत पेंटर तेव्हा लातुरात क्लासेसच्या भिंती रंगवत होते — रॉकेट, शास्त्रज्ञ, मोठमोठी म्युरल्स. त्यांना गाठून काम सांगितलं: अण्णांच्या खाटेसमोरची अख्खी भिंत, आमचं जुनं अंगण, अंगणात आई. फोटो नाही म्हटल्यावर ते तयारच होईनात. मी अक्षरशः पाया पडलो. मावशीचा फोटो दिला, सुचेल ते वर्णन केलं. तिचा चेहरा मलाही धड आठवत नव्हता, हे मात्र सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी लेक्चर संपवून वर आलो आणि दारातच बसलो. भिंतीवर आई होती. मावशी नव्हे, आई. हसताना ओठावर टेकणारा तिरका दातसुद्धा... जो मी पार विसरलो होतो. फक्त डाव्या भुवईवर हळदीचा जाड लेप होता. हे काय, म्हणून विचारलं तर पेंटर गोंधळले. हात आपोआप तिकडं गेला म्हणाले.

माझं डोकं सटकलं. आई ठसठशीत कुंकू लावायची, हे असलं काही नाही. पुसा म्हटलं.

"सर, ऱ्हाऊ द्या. रंग ओला हाय, चेहरा बिघडंल."

मी कसला ऐकतोय! पुसा म्हणजे पुसा. त्यांनी पुसलं. भुवई ओघळली, मग डोळा. शेवटी चेहऱ्यावर पांढरा हात मारून ते पुन्हा काढायला बसले. शुक्रवार संध्याकाळपर्यंत चार वेळा काढला. एकीपेक्षा एक देखणी बाई आली, आई काही आली नाही.

शनिवारी अण्णांना खाटेवर टेकवलं. बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. लई चांगली काढलीय म्हणाले, पण ही ती न्हवं. मी रडकुंडीला आलो. सांगून टाकलं, की आधी हुबेहूब आली होती, पण पेंटरनं भुवईवर हळद माखली म्हणून मीच पुसायला लावली.

अण्णा कोपरावर उठायला लागले. "डाव्या?"

कोणती भुवई, ते मी बोललोच नव्हतो.

"इसर्जनाच्या दिशी कवाडाची कडी लागली व्हती तिला. लई रगत आलं. मीच हळद दाबली. त्याच रातीला मग..."

हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पेंटरनं तर आमच्या गावात कधी पाय ठेवला नव्हता. त्यांना बोलावून खोदून खोदून विचारलं. कुठून आलं मलाच ठाऊक न्हाई म्हणत तो माणूस घळाघळा रडला.

अण्णांनी हळद मागितली. मी डबा आणला आणि भिंतीवरच्या त्या परक्या बाईच्या भुवईवर अंगठ्यानं दाबली. आता, अण्णा? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी त्यांचे पाय धरले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिनं मला वळखलं तरी बास."

सोमवारी गेले.

पेंटरच्या हाताला ते कसं कळलं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. खरं तर आता शोधतही नाही. सलतं ते एकच. अर्धा तास आई माझ्यासमोर होती, आणि मी पेपर तपासल्यासारखी तिच्यात चूक काढली.