बादलीवरची टकटक

बंद पडलेल्या दगडखाणीच्या खड्ड्यात तिने तळं उभं केलं, त्याला सहा वर्षं लागली. उजाड झालेली जागा पुन्हा जिवंत करणं हाच तिचा व्यवसाय. विज्ञानातल्या दोन पदव्या, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि खात्यात पडलेलं ‘चिखलबाई’ हे नाव, एवढी त्यातली कमाई.

काठाला गवत धरलं, पाण्यात शेवाळ आलं, वर चतुर घिरट्या घालू लागले. यायचे राहिले होते ते बेडूक. त्या जातीचं शेवटचं डबकं एका बांधकामाखाली बुजलं होतं. त्याआधी तिने तिथली अंडी उचलून आणली आणि प्रयोगशाळेतल्या टबांत वाढवली. आता पिल्लांना मागचे पाय फुटले होते. पुढचे फुटायच्या आत ती तळ्यात जायला हवी होती. हा बेडूक ज्या पाण्यातून बाहेर पडतो, त्याच पाण्याकडे अंडी घालायला परततो. टबातून बाहेर पडला, तर त्याला परतायला जागाच नाही.

पिल्लं सोडायच्या दोन दिवस आधी ती पाणी तपासायला वाकली आणि खालून काहीतरी केशरी सळकन गेलं.

घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. लिफ्ट दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. बायको गेल्यावर लेकीच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. माशांची काचेची टाकी आणू नका, असं तिनेच बजावलं होतं.

“बाबा, तुमचे मासे कुणाला दिले म्हणालात?”

“चांगल्या घरी पडलेत.”

“कुणाच्या?”

“तुझ्याच. तळ्यात सोडले. रोज रडायचीस ना, तळं अजून रिकामंच आहे म्हणून? म्हटलं, तेवढीच शोभा.”

“शोभा? पिल्लं गिळतील ते! एकूण एक!”

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“किती सोडलेत?”

“चार.”

जाळं टाकून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पंप लावला. पाणी बारीक जाळीतून गाळून शेजारच्या कोरड्या खड्ड्यात जात होतं. मासे काढले की तेच परत घ्यायचं होतं.

“मॅडम, तळं भरून द्या म्हणणारे पुष्कळ पाहिले,” पंपवाला म्हणाला. “भरलेलं उपसून पुन्हा भरा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

तिला हसू आलं नाही. बाबा न बोलावता आले होते, हातात घरातली स्टीलची बादली. पाणी उतरत गेलं तसे मासे सापडत गेले. दुपारपर्यंत चार झाले. काठच्या लव्हाळ्याच्या मुळांशी गढूळ पाण्याचं एक थारोळं तेवढं उरलं. तळाचा चिखल उन्हात सुकायला लागला होता. तो तडकला, तर सहा वर्षांचं शेवाळ आणि त्यातले किडे संपणार होते.

“झाले चार. सोडू पाणी?” पंपवाल्याने विचारलं.

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांची नजर माशांवर नव्हती, लव्हाळ्याच्या मुळांवर होती.

“बाबा, चारच ना?”

“एकदा सांगितलं ना.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

“तू काय पोलीस आहेस?”

पंपवाल्याला एकदम पाइप गुंडाळायचं काम आठवलं.

“एक जरी राहिला, तरी ही जात संपली,” ती म्हणाली. “तुम्ही चार म्हणत असाल, तर पाणी सोडते.” तिने झडपेवर हात ठेवला.

बाबा वाकले आणि पँटचे पाय दुमडू लागले.

“पाचवा आहे. तुझ्या आईने आणलेला. जाळ्यात यायचा नाही तो.”

चिखल तुडवत ते थारोळ्याशी गेले. बादली पाण्यात आडवी धरली आणि बोटातल्या अंगठीने तिच्यावर टकटक केली. खाणं टाकण्याआधी टाकीच्या काचेवर करायचे, तशी. काहीच हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. गढूळ पाणी दुभंगलं आणि एक रुंद केशरी पाठ सरळ बादलीत शिरली.

“आला,” बाबा म्हणाले. “गाढव कुठला.”

संध्याकाळी तळं भरलं, दुसऱ्या दिवशी पिल्लं सोडली. रिकाम्या झालेल्या एका टबात आता पाच मासे आहेत. बाबा रोज बसने प्रयोगशाळेत जाऊन त्यांना खाऊ घालतात. तिच्या गाडीत एक स्टीलची बादली असते. कामावर जाताना ती तळ्याशी थांबते, बादली पाण्यात आडवी धरते, टकटक करते आणि सहावा येतो का, याची वाट पाहते.