अप्पांचं लवंगफूल

मुरुडच्या आमच्या गल्लीत अप्पांच्या घरापुढून रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती. थंडीच्या दिवसांत सकाळची पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून अप्पा ओट्याखालच्या वाफ्यापाशी उकिडवे बसलेले असत. दूधवाला असो की शाळेत निघालेली मी, फुलांचे चार दांडे हातात कोंबलेच म्हणून समजा. "घ्या बाई, वर्गात ठिवा. पोरं झोपणार न्हाईत."

फूल होतंच तसं. रोपवाटिकेवाले त्याला स्टॉक म्हणतात. वास थेट लवंगेचा, म्हणून अप्पांनी नाव ठेवलं लवंगफूल. रोप जेमतेम दीड वीत, आटोपशीर; एका ओळीत लावलं की ओट्याला गोट शिवल्यासारखं दिसायचं. जन्म कापडाच्या दुकानात गेलेल्या माणसाला तेवढंच सुचणार. दसऱ्याला बी पेरायचं, दिवाळीनंतर रोपं लावायची आणि संक्रांतीला सगळी गल्ली घमघमायची. हे थंड हवेचं फूल, आपल्याकडे कुठलं येतंय, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाखाली अप्पांनी ते धरलेलं होतं.

फुलं खुशाल वाटायचे, बी मात्र द्यायचे नाहीत. "फूल माग. बी मागू नगं." लोक त्यांनी दिलेली टपोरी, भरगच्च फुलं वाळवून बी शोधत बसायचे आणि एक दाणा निघायचा नाही. अप्पा मिशीत हसायचे. भरगच्च फुलाला बी धरतच नाही, ही त्यातली गोम. त्याच वाफ्यात चार पाकळ्यांची साधी, एकेरी फुलं येतात. शेंगा धरतात त्या त्यांनाच, आणि त्या बियांतून पुन्हा निम्मी रोपं भरगच्च निघतात. म्हणून अप्पा बियाण्यापुरती थोडी एकेरी रोपं राखायचे. बाकीची एकेरी रोपं कोवळी असतानाच, पानांच्या गडद रंगावरून ओळखून उपटून टाकायचे. हे त्यांनी घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. फेकलेली रोपं मला बघवायची नाहीत. एका वर्षी त्यातली काही उचलून मी मागच्या अंगणात तेलाच्या डब्यांत लावली.

त्याच वर्षी अप्पांच्या लेकीचा साखरपुडा ठरला. सून मंगल उमरीची, घरात नवीनच आलेली. पाहुण्यांपुढे सासऱ्यांचा वाफा उठून दिसावा म्हणून तिने आदल्या दिवशी एकूण एक एकेरी रोप उपटून शेळ्यांपुढे टाकलं. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. संध्याकाळी अप्पा लातूरहून खरेदी करून आले, वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि पिशव्यांसकट ओट्यावर मटकन बसले.

"अप्पा, माझं काय चुकलं का?" मंगलने विचारलं.

"तुझं न्हाई, माझं चुकलं. घरच्या माणसालाबी सांगितलं न्हाई. लई गुर्मी मला. बी संपलं बघ आपलं." मग तिथंच बसून त्यांनी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. भिंतीपलीकडून मीही ते ऐकलं, पण माझ्या लक्षात यायच्या आत मंगल माझ्या दारात होती. माझे डबे तिने गच्चीवरून पाहिले होते. "बाई, तुमच्याकडची फुलं एकेरीच हायत ना?"

एकेरीच होती. अप्पांच्या फुलांपुढे अगदीच फिकी, म्हणून मी ती कुणाला दाखवलीही नव्हती.

सकाळी पाहुणे यायच्या आधी अप्पा स्वतः आले. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहिला. "बाई, आज मागायला आलो. बी पायजे."

मलाही राहवलं नाही. "फूल मागा की अप्पा," मी म्हटलं. ते आधी चमकले आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

शिवरात्रीनंतर शेंगा वाळल्या, तेव्हा त्यांनी अख्ख्या गल्लीला ओट्यावर बोलावलं आणि चिमूट चिमूट बी घरोघरी दिलं. कसं राखायचं ते मात्र मंगलला सांगायला लावलं. ती बोलत असताना तिच्याकडे पाहून म्हणाले, "माझ्यापरीस चांगलं सांगायलीय." लेकीच्या साखरपुड्यातही मी त्यांचा चेहरा इतका फुललेला पाहिला नव्हता.

यंदा ऐन संक्रांतीच्या सुमारास अप्पा गेले. समाधी देण्याआधी लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना शेवटचं बसवलं, तेव्हा प्रत्येक घरातून लवंगफुलं आली आणि अप्पा गळ्यापर्यंत फुलांत बुडाले. आमच्या गल्लीची ती श्रीमंती पाहून ऐन दुःखातही माझी मान ताठ झाली. मंगल स्वतः वाफ्यातली भरगच्च फुलं कापत होती. देवणीहून आलेल्या एका पाहुण्याने मदत म्हणून एकेरी फुलांना हात घातला. तिने तो हात धरला.

"ती ऱ्हाऊ द्या, मामा."

"का गं?" त्यांनी विचारलं.

डोळे पुसून, तेवढ्या माणसांत उभं राहून, तिने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.