पूजेबाहेरची पेटी

हडपसरच्या आमच्या कारखान्यात मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग बनत. परदेशी मोटारकंपन्या पुण्यात येऊ लागल्या, तशी आम्हालाही एक मोठी ऑर्डर मिळायची शक्यता निर्माण झाली. अडचण एकच होती. गच्चीवरच्या जुन्या कूलिंग टॉवरचं पाणी दुपारी कोमट व्हायचं, साचे तापायचे आणि भाग वाकडे निघायचे. मोटारकंपनीचे लोक दसऱ्याला नमुने बघायला येणार होते. वाकडे नमुने दिसले की ऑर्डर गेलीच.

पाणी गार करणारा नवा चिलर आला. मशीन चालू ठेवूनच आम्ही मागच्या अंगणात तो बसवला, नवे पाइपही टाकले. मुख्य लाइन जोडायला मात्र सगळं बंद करावं लागणार होतं, आणि बंद म्हटलं की मालक साफ नाही म्हणायचे. वर्षातून एकदाच मशीन आपोआप थांबायची, खंडेनवमीला. मेंटेनन्स माझ्याकडे होता. मी तोच दिवस धरला. हेडफिटरनीही मान डोलावली. चिलरवाले आपली हत्यारं आणतील, असं ते गृहीत धरून होते.

चिलरवाल्यांची माणसं आली ती फक्त मीटर घेऊन. त्यांचेही पाने पूजेलाच बसले होते. आमचे सगळे पाने, पाइपरेंच झेंडूच्या माळेखाली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावणार नव्हतं. बुधवार पेठेतली हत्यारांची दुकानंही त्याच अवस्थेत असणार. मी संतापलो, पण संतापून नट सुटत नाहीत.

तेवढ्यात हेडफिटर माझ्याकडे वळले. "अहो साहेब, तुमची पेटी पूजेत नसते ना?"

नसायची. आमचं घर बौद्ध. पूजेच्या वेळी मी दरवर्षी वर्कशॉपच्या दाराशी उभा राहायचो आणि हेच गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणायचे, "साहेब, तुमची हत्यारं रुसतील हं!" लोक हसायचे. मीही हसायचो, पण ते मला लागायचं.

स्कूटर काढून येरवड्याला घरी गेलो. हत्यारांची ती पेटी वडिलांची. त्यांनी आयुष्यभर फिटरचं काम केलं होतं. "नीट पुसून आण," एवढंच ते म्हणाले.

त्या पेटीतल्या पान्यांनी आम्ही लाइन जोडली. हेडफिटर स्वतः माझ्याबरोबर ओणवे होऊन नट आवळत होते. संध्याकाळी साच्यांतून गार पाणी फिरलं. दसऱ्याला भाग सरळ निघाले आणि ऑर्डर मिळाली.

"रुसली नाहीत की हो," मी त्यांना म्हणालो. ते एकेक पाना पुसत राहिले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून ती पेटी वर्कशॉपमध्येच असायची. पुढच्या खंडेनवमीला मी नेहमीसारखा दाराशी थांबलो, तर त्यांनी मला आत बोलावून स्वतःशेजारी उभं केलं. मग हातातलं कुंकवाचं तबक सांभाळत सगळ्यांना दरडावलं, "साहेबांच्या पेटीला कुणी कुंकू लावायचं नाही."