शिंगाड्यांच्या तळ्यातलं मडकं

लकडगंजच्या कोपऱ्यावर हातगाडीवरच्या उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला, की मला कुहीकडचं एक तळं आठवतं. मी तेव्हा नववीत होते. विषमज्वरातून उठल्यावर बाबा पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते, तेही तळ्यावरच्या अडया बघायला. अडई म्हणजे उडताना शीळ घालणारं तपकिरी बदक. पहाटेच्या छोट्या रेल्वेत बाबांनी सांगितलं, की शिकारी डोक्यावर मडकं उपडं घालून गळाभर पाण्यातून येतात आणि बदकांना पाय धरून खाली ओढतात. काठावरच्या ओल्या गवतात आम्ही बसलो. धुकं विरलं तशा अडया दिसल्या, आणि त्यांच्याकडे हळूहळू सरकणारं एक काळं मडकंही. मी उठून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सगळा थवा उडून गेला. मडक्यामागून एका बाईचं डोकं वर आलं. मडक्याच्या आधाराने तरंगत ती शिंगाडे तोडत होती. “काहून उडवले वं पोरी?” मी शिकाऱ्याचं सांगितलं, तशी ती हसली. “मले वळखतात ते. येतात वापस.” बाबा रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले. मला रडू फुटणार होतं, तेवढ्यात लांबून शीळ आली. अडयांनी दोन घिरट्या घातल्या आणि त्या बाईच्या भोवतीच उतरल्या. बाबांनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. “बस आता. हात मांडीवर ठेव.” अजूनही गाडीवाल्याने पातेल्यावर झाकण आपटलं, की मी आधी वर बघते.