आठवा बार

नवऱ्याचं नाव घिऊ न्हाई, पर एकदा घेते: बिराप्पा. जत भागात वीस वर्सं इहिरींच्या तळाला सुरुंग उडवून त्येंच्या कानाचं पार वाटोळं झालं हुतं. शेजारी ढोल वाजवला तरी पत्ता न्हाई. मग बार मोजायचं कसं? तर पहार खडकाच्या भेगेत रोवायची आन् वरचं टोक दातात धरायचं. "वाऱ्यातनं येतंय ते फसवतंय. खडकातनं येतंय तेच खरं," म्हणायचं. लोक हसायचं. खोटं कशाला बोलू, मीबी हसायची.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याला इहीर काढत हुतो. आजवरच्या समद्या मोकळ्या माळावर. टेकडीखाली हीच पयली. आमच्या अर्जुनानं आठ भोकांत दारू ठासली, वाती पेटवल्या, दोर धरून वर आला आन् पळत येऊन आमच्यासंगं मोठ्या धोंड्याआड बसला. बार सुरू झालं. मी बोटावर मोजलं, आठ. अर्जुनानंबी आठच मोजलं.

धन्यांनी दातातनं पहार काढली. "सात. एक जित्ता हाय तळाला. कुणी हलायचं न्हाई."

"आवं, आठ झालं!" मी वरडले. त्येंना कुठलं ऐकू यायला! त्येंनी पोराचं धोतर गच्च धरलं.

पोरगं तापलं. "बहिऱ्याचं ऐकून दिस घालवू व्हय? आये, तू सांग."

माझा आपल्या कानावर लय इस्वास! म्हणले, "आठच झालं. उतर तू."

त्यानं हिसडा मारला आन् निघाला. धनी मागनं धावलं, पोराच्या पायाला मिठी मारली, दोघंबी आडवं पडलं.

आन् बार उडाला. इहिरीच्या तोंडातनं धोंडं वर आलं.

तवा उमगलं. आदल्या बारांचं पडसाद पुढच्या बारात मिसळून गेलं; सातव्याचा तेवढा टेकडीवर आपटून एकटा माघारी आला, आन् आमी त्योच आठवा मोजला. खडकात कुठला पडसाद यायला?

धनी धुरळ्यातनं उठलं. मला म्हणलं, "तूबी सातच मोजलं हुतंस न्हवं?"

मी मान हलवली. व्हय.

अर्जुनानं माझ्याकडं बघितलं. मग अंगावरची माती झाडाय लागला. बापाला त्यानं अजून सांगितलं न्हाई.