मोठा गेम छोट्या कन्सोलवर उतरवताना

भीतीच्या दिवसांचे किस्से सगळ्यात जास्त साठतात, असा माझा अनुभव आहे. पुढे मी एका सुखाच्या नोकरीत तीन वर्षं काढली, पण त्यातलं सांगण्यासारखं एक वाक्य नाही. आणि मरोळच्या त्या ऑफिसातले आठ महिने, जेव्हा रोज नोकरी जायची धास्ती असायची, त्यातलं काय सांगू आणि काय नको असं होतं. आम्ही जुने लोक भेटलो की एक जण नुसतं "ए, ते दार आठवतं?" म्हणतो आणि बाकीचे चहा सांडेपर्यंत हसतात. तेव्हा मात्र कोणी हसत नव्हतं!

काम असं होतं. युरोपातल्या एका स्टुडिओचा गेम होता. पोलिसांची तुकडी इमारतीत शिरते आणि ओलिसांना सोडवते. धडाधड गोळ्या झाडत सुटायचं नाही, डोकं वापरून एकेक खोली ताब्यात घ्यायची. टीव्हीला जोडून खेळायच्या मोठ्या, दणकट कन्सोलवर तो झकास चालायचा. तोच गेम हातात धरायच्या, निम्म्याहून कमी ताकदीच्या कन्सोलवर चालवून दाखवायचा, हे आम्हा नऊ जणांचं काम.

कन्सोल बनवणारी कंपनी प्रत्येक गेम बाजारात जाण्याआधी स्वतः तपासते. त्या परीक्षेला आम्ही 'सर्ट' म्हणायचो. क्लायंटने, म्हणजे त्या युरोपातल्या स्टुडिओने, पहिल्याच कॉलवर सांगून टाकलं होतं, की दुसऱ्यांदा नापास झालात तर काम काढून घेणार. ते गेलं तर मरोळची टीमच बंद करणार, हे आमच्या मालकांनी सांगितलं.

शिल्पा कांबळे आमची लीड, म्हणजे टीमची प्रमुख. घाटकोपरची, आवाज खणखणीत, आणि लीड म्हणून तिचा हा पहिलाच प्रोजेक्ट. मी मेमरी सांभाळायचो. म्हणजे गेममधलं काय काय काढून टाकलं तर तो छोट्या कन्सोलमध्ये मावेल, हे ठरवायचं. मी मुळात घाबरट माणूस. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून दोनदा परत जातो. अशा माणसाच्या हातात कात्री दिली होती!

*

गेम पहिल्यांदा छोट्या कन्सोलवर सुरू झाला, तो दिवस. चित्र हलतंय असं डोळ्याला वाटायचं तर सेकंदाला तीस चित्रं तरी लागतात. आमची येत होती दोन, कधी एक. हीरोला डावीकडे वळायला सांगून आपण पाणी पिऊन यावं, तोवर तो वळलेला असायचा. पहिली लेव्हल डोंगरावरच्या एका बंगल्यात होती. कन्सोल टीव्हीला जोडला होता. त्यावर तो बंगला, त्याची बाग, मग परत बंगला. आम्ही नऊही जण समोर उभे. शिल्पाने हाताची घडी घट्ट घातली होती.

तेवढ्यात ऑफिसची साफसफाई बघणाऱ्या लतामावशी पोछा घेऊन आल्या. त्या थांबल्या आणि त्यांनी टीव्हीकडे नीट बघितलं.

"छान आलेत गं फोटो," त्या शिल्पाला म्हणाल्या. "कुठे, महाबळेश्वरला गेला होतात का सगळे?"

*

आमचे आर्टिस्ट परबकाका. राहायला बोरिवलीला, मूळचे मालवणकडचे, आमच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. तरुणपणी ते नाटकांचे पडदे रंगवायचे, मग चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. गेममधली प्रत्येक भिंत, प्रत्येक चेहरा छोट्या कन्सोलसाठी त्यांनी पुन्हा केला होता. आणि रोज सकाळी मी यादी घेऊन त्यांच्या टेबलाशी जायचो. ही भिंत निम्मी करा, तो गालिचा काढा.

मला येताना बघितलं की ते दोन्ही हातांनी स्क्रीन झाकायचे. "इलो मेलो कसाई!"

चेहऱ्यांवरून तर फारच झालं. मुळात बावीस वेगवेगळे चेहरे होते. मी सहा ठेवले. मावेना. तीन ठेवले. तरी मावेना. शेवटी मी चाचरत म्हटलं, "काका, एकच चेहरा ठेवू या का? सगळ्यांना?" काकांनी मुकाट्याने केलं, आणि ते मुकाट्याने करायचे तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी शिल्पा खेळायला बसली. दार उघडून आत गेली, तर समोर दोन माणसं. एकच नाक, एकच मिशी, कपडेही एकसारखे. ती बंदूक रोखून नुसतीच उभी राहिली.

"काका, यातला ओलीस कोण?"

"रडता तो," काका म्हणाले.

"पण रडण्याचा आवाज कुठे येतोय?"

"तो ह्या मेल्यान काल काढून टाकल्यान!"

*

आता ते दार.

मोठा कन्सोल सगळा बंगला एका वेळी डोक्यात ठेवू शकतो. आमच्या छोट्याला एका वेळी एकच खोली झेपायची. दार उघडायला घेतलं की पलीकडची खोली भरायची, त्याला चार सेकंद लागायचे. तोवर दार कुरकुरत किंचित किंचित उघडायचं. पोलिसांची तुकडी आली आहे की शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आहेत, कळत नव्हतं! दीड महिना घासून मी ते साडेतीन सेकंदांवर आणलं आणि तिथेच अडकलो.

"मग साडेतीन सेकंद हीरोने करायचं काय?" शिल्पाने विचारलं. शेवटी तिनेच ठरवलं, की हीरो दाराला कान लावेल, श्वास रोखेल आणि मग दार ढकलेल.

क्लायंटच्या माणसाने कॉलवर ते खेळून बघितलं. आम्ही सगळे म्यूटवर. चोरी पकडली जाणार याची मला खात्रीच होती.

"हे दाराचं फार सुंदर आहे!" तो म्हणाला. "एवढा ताण तर आमच्या मूळ गेममध्येही नव्हता! कल्पना कोणाची?"

शिल्पाने म्यूट काढून शांतपणे "टीमची" असं सांगितलं आणि परत म्यूट केलं. दुसऱ्या दिवशी त्यांची मेल आली. त्यांच्या मोठ्या कन्सोलवर दार फारच पटकन उघडतं, आणि तुमच्यासारखं हळू उघडायचं तर नेमकं काय करावं लागेल, हे त्यांना सविस्तर लिहून हवं होतं!

*

आमच्या ऑफिसच्या एसीला दोनच गोष्टी माहीत होत्या. बंद किंवा काश्मीर. मे महिन्यात बाहेर रस्त्यावर माणसं उन्हाने वाळत होती आणि आत परबकाका कानटोपी घालून बसलेले असायचे. त्या थंडीत गेम एकदाचा सेकंदाला तीस चित्रं द्यायला लागला. आम्ही समोसे मागवले.

त्याच शनिवारी शिल्पा कन्सोल घरी घेऊन गेली. दुपारी तिचा मला फोन आला. "मन्या, वाट लागली! वीस मिनिटांत तीसवरून सतरावर आलाय रे!"

झालं होतं असं, की छोटा कन्सोल तापला की स्वतःला वाचवण्यासाठी सावकाश चालायला लागतो. आम्ही सहा महिने त्याला फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा तपासत होतो आणि हे नऊ हुशार माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आता तपासायला खऱ्या मुंबईचं घर हवं होतं. माझं घर जोगेश्वरीला, बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर. वर थेट गच्ची आणि खिडक्या पश्चिमेला. ठरलं, दुपारचं टेस्टिंग माझ्या घरी.

शिल्पा पहिल्यांदा आली, दारातच थांबली, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"काय भयानक गरम आहे हो काकू तुमच्याकडे! परफेक्ट! पंखा अजिबात लावू नका हं!"

आमच्या घराचं एवढं मनापासून कौतुक आजवर कुठल्याच पाहुण्याने केलं नव्हतं. आईचा हात पंख्याच्या बटणापाशी तसाच राहिला.

*

आणि तरीही आम्ही सर्टला नापास झालो.

रिपोर्टमध्ये बारा चुका होत्या. अकरा किरकोळ. बारावी अशी, की दोनेक तास खेळल्यावर गेम आपोआप बंद पडला. बस, एवढंच. का पडला, कुठे पडला, काही नाही. आम्ही तीन आठवडे पाळीपाळीने खेळत होतो आणि आमच्याकडे तो एकदाही बंद पडला नाही. पडला असता तर बरं वाटलं असतं! शिल्पा जेवायची विसरायला लागली. मला तर कुठलाही पडदा काळा झाला, अगदी एटीएमचा, तरी गेमच बंद पडला असं वाटायचं.

एका सकाळी परबकाका नारळ घेऊन आले. कन्सोलसमोर ठेवला, टोपी चढवली आणि मालवणी पद्धतीने गाऱ्हाणं घातलं. तिथे देवाला सगळं नीट समजावून सांगायचं असतं आणि बाकीच्यांनी हुंकार भरायचा असतो.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय गेम आसा, तो दोन तासांनी बंद पडता!"

"व्हय म्हाराजा!"

"तो कोणाच्या चुकीन बंद पडत असात, ती चूक आमका दाखव!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ती चूक माझी नसात, असा कर रे म्हाराजा!"

इथे मात्र सगळ्यांनी इतक्या जोरात "व्हय म्हाराजा!" केलं, की खालच्या छापखान्याचा माणूस वर बघायला आला. शिल्पाने गेमच्या नोंदींनी भरलेल्या स्क्रीनवरून मान वर केली. "झालं असेल तर लॉग बघा आता."

*

दुसऱ्यांदा पाठवायला चार दिवस उरले होते. जोगेश्वरीच्या घरी दुपारचं टेस्टिंग चाललेलं. सलग खेळून मी कंटाळलो होतो, म्हणून मी कन्सोल बाबांच्या हातात दिला. बाबा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर कागदपत्रं क्रमाने लावली. गेम ते नुसता बघायचे, कधी खेळले नव्हते.

चाचपडत चाचपडत ते बंगल्याच्या स्वयंपाकघरात पोचले. ओट्याआड एक बंदूकवाला दबा धरून बसलेला.

"मारा बाबा, हे बटण," मी म्हटलं.

"असा कसा मारू? आधी वॉर्निंग द्यायला नको? उद्या कोर्टात उभं करतील तुझ्या हीरोला!"

वॉर्निंगचं बटण होतं खरं. ते दाबलं की हीरो ओरडायचा, "शस्त्र टाक!" आम्ही कोणी ते कधी दाबायचोच नाही. हजार वेळा खेळलेली माणसं, समोर दिसला की उडवायचा. बाबांनी बटण दाबलं. माणूस हलला नाही. बाबांनी परत दाबलं. मी आत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आईबरोबर भाजी निवडली, आणि बाहेरून एकसारखं ऐकू येत होतं, "शस्त्र टाक! शस्त्र टाक!"

मग ते थांबलं.

"मनोज, अरे हे काळं झालं. मी काही केलं नाही हं. मी फक्त त्याला सांगत होतो."

अर्ध्या तासात शिल्पा रिक्षाने घरी हजर. लॅपटॉप जोडला, लॉग उघडला. प्रत्येक "शस्त्र टाक"नंतर गेम त्या माणसाचं शरण येणं शोधत होता. म्हणजे बंदूक खाली ठेवायची, हात वर करायचे, ती हालचाल. ती मिळत नव्हती, म्हणून गेम वाट बघत बसत होता. पुढच्या हाकेला आणखी एक वाट बघणं. मेमरी अशा वाट बघण्यांनी भरत भरत शेवटी गेम मरत होता. कन्सोलच्या कंपनीतही बाबांसारखाच कोणी सज्जन बसला असणार.

"ती हालचाल गेली कुठे?" शिल्पाने विचारलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "मन्या, शरण येणं तू काढलंस?"

"फेब्रुवारीत," मी म्हटलं. "जागा हवी होती. वाटलं, कोण शरण येतंय?"

ती रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. ती रागावली नाही. हालचाल परत घालायला ना जागा होती ना वेळ. आम्ही एवढंच केलं, की हीरो ओरडेल आणि गेम ते लगेच विसरून जाईल. दोन ओळींचं काम. चौथ्या दिवशी गेम पाठवला.

नऊ दिवसांनी मेल आली. पास! शिल्पाने ती तीन वेळा वाचली, मग खुर्चीत बसली आणि सरळ रडायला लागली. परबकाका कानटोपीने डोळे पुसत होते. मी घरी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"बाबा, पास झालो! तुमच्यामुळे!"

"बरं झालं," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि काय रे, तो स्वयंपाकघरातला? त्याने शेवटी टाकलं का शस्त्र?"

शिल्पा डोळे पुसायची थांबून माझ्याकडे बघत होती.

"टाकलं, बाबा."

"बघ! तुम्हा पोरांना धीरच नाही. नीट सांगितलं की ऐकतो रे माणूस!"